ट्रान्सक्रिप्टवर बी आणि सी आहेत, आता निवडक (मोजक्यांनाच प्रवेश देणाऱ्या) कॉलेजांचं काय? (अमेरिका, अंडरग्रॅड प्रवेश)

अंकगणिती

अमेरिकेत हायस्कूलला मुलं असलेल्या घरांतून दर उन्हाळ्यात एकच प्रश्न येतो: "जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) ३.७ आहे, मोठ्या कॉलेजांचा नाद सोडायचा का?" नुसत्या आकड्यावर याचं उत्तर देता येत नाही. अर्ज वाचणारा माणूस आकडा बघतो, पण थांबतो ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या विषयवार ग्रेडच्या कागदावर. म्हणून तो ट्रान्सक्रिप्ट कसा वाचतो ते आधी सांगतो.

पहिली नजर पाच मूळ विषयांवर जाते: इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, परभाषा. पीई (शारीरिक शिक्षण) किंवा हेल्थमधला ए अनेक ठिकाणी हिशेबातूनच काढतात. त्यामुळे शाळेच्या पोर्टलवर दिसणारा ३.८५ कॉलेजच्या टेबलावर ३.७ होऊ शकतो.

दुसरी गोष्ट, वर्ष कोणतं. नववीतल्या दोन बींकडे कुणी फार बघत नाही. दहावीचं वजन मधलं. अकरावी सगळ्यात जड, कारण अर्ज करताना पूर्ण झालेलं ते शेवटचं वर्ष असतं आणि अवघड विषय त्याच वर्षी असतात. सरासरी तीच असली तरी नववीत बी, बी आणि अकरावीत सगळे ए हा आलेख वर जाणारा. उलटा असेल तर वाचणाऱ्याला वाटतं की अभ्यास कठीण झाला तसं मूल मागे पडलं.

तिसरी गोष्ट, विषय आणि अर्जातला मेजर (कॉलेजात घ्यायचा मुख्य विषय) यांचं नातं. कम्प्युटर सायन्स मागणाऱ्या मुलाचा अकरावीच्या प्रीकॅल्क्युलसमधला बी आणि त्याच मुलाचा दहावीच्या ऑनर्स (वरच्या पातळीच्या) वर्ल्ड हिस्टरीतला बी यांचं वजन सारखं नाही.

चौथी गोष्ट पालकांना सहसा दिसतच नाही: स्कूल प्रोफाइल. शाळेचा काउन्सेलर ट्रान्सक्रिप्टसोबत हे दोन-चार पानी पत्रक पाठवतो. शाळेत किती एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) आहेत, एका वर्षी किती घेता येतात, ग्रेड कशा पडतात, हे त्यात असतं. जिथे निम्म्या वर्गाला ए मिळतो तिथला बी आणि जिथे मोजक्यांनाच ए मिळतो तिथला बी हा फरक तिथून कळतो. बऱ्याच शाळांच्या वेबसाइटवर ते असतं. आजच शोधून वाचा.

आता ३.७ बद्दल. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्याच्या २०१९ च्या निकालपत्रात एक आकडा आहे. क्लास ऑफ २०१९ साठी, म्हणजे २०१९ ला पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी, देशातून सुमारे २६,००० अर्ज आले होते, त्यांतल्या ८,००० हून जास्त मुलांचा जीपीए पूर्ण, म्हणजे पैकीच्या पैकी, होता, आणि वर्ग होता साधारण १,६०० चा. म्हणजे पूर्ण जीपीए असूनही बहुतेकांना नकार आला. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्या: अशा ठिकाणी मूळ विषयांत तीन-चार सी असतील आणि खेळातली भरती किंवा तसं काही असाधारण जवळ नसेल, तर शक्यता फारच कमी. एक-दोन बींनी मात्र दार बंद होत नाही.

जास्वंद

शाळेच्या पोर्टलवर दोन जीपीए आहेत, अनवेटेड (साधा) ३.७१ आणि वेटेड (कठीण कोर्सना जादा गुण धरून) ४.२९. कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात) कोणता भरायचा? आमच्या जिल्ह्यात ए मायनसला ३.७ धरतात, शेजारच्या जिल्ह्यात ४.०. हा अन्याय नाही का?

अंकगणिती

@जास्वंद, शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर जो छापला आहे तो. दोन्ही छापले असतील तर एक निवडा आणि तो कोणत्या स्केलवरचा, वेटेड की अनवेटेड, ते तिथेच नीट नोंदवा. स्वतः हिशेब करून तिसरा आकडा बनवू नका. काउन्सेलरच्या कागदाशी जुळला नाही की उगाच शंका येते.

ए मायनसचा फरक मोठा दिसतो, पण ज्यांना खरी तुलना करायची असते ती कॉलेजं स्वतःच्या पद्धतीने जीपीए पुन्हा काढतात. यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) प्लस-मायनस धरतच नाहीत. ए मायनस म्हणजे ए, आणि बी प्लस म्हणजे बी. पहिलं ऐकून लोक खूश होतात, दुसरं विसरतात.

तळटीप

यूसीचा विषय निघालाच आहे तर त्यांचा हिशेब पूर्ण मांडते. कॅलिफोर्नियातल्या घरांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

यूसी जीपीएमध्ये फक्त ए-जी यादीतले (यूसीने हायस्कूलमध्ये आवश्यक ठरवलेले) विषय, आणि तेही नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंत घेतलेले. प्रत्येक सत्राची ग्रेड वेगळी मोजतात. ए ला ४, बी ला ३, सी ला २. एपी, आयबी (एपीसारखाच वरच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम), यूसीमान्य ऑनर्स आणि यूसीला ट्रान्सफर होणाऱ्या कॉलेज कोर्सला सत्रामागे १ जादा गुण, पण जास्तीत जास्त ८ सत्रांना, आणि त्यांतली दहावीची ४ पेक्षा जास्त नाहीत.

उदाहरण घेऊ. दहावी आणि अकरावी मिळून ६ विषय, २ सत्रं, २ वर्षं, म्हणजे २४ ग्रेड. समजा १८ ए, ५ बी, १ सी.

१८ × ४ = ७२
५ × ३ = १५
१ × २ = २
एकूण ८९. भागिले २४ = ३.७१ अनवेटेड.
८ जादा गुण धरून ९७ भागिले २४ = ४.०४. हा कॅप्ड, म्हणजे जादा गुणांवर मर्यादा घातलेला, जीपीए.

त्याच मुलाने १४ सत्रं ऑनर्स किंवा एपीची केली असतील तर सगळे जादा गुण धरून १०३ भागिले २४ = ४.२९. जास्वंद यांनी लिहिलेले ३.७१ आणि ४.२९ बहुधा असेच निघाले असणार. एकाच मुलाचे तीन आकडे, तिन्ही खरे. इंटरनेटवर कुणी "४.२ ला यूसीएलए मिळालं" असं लिहिलं की आधी विचारा, कोणता ४.२?

एका सत्रातल्या एका बीने किती घट होते? २४ पैकी २३ ए आणि १ बी म्हणजे ९५ भागिले २४, ३.९६. चार शतांश. एवढ्यासाठी घरात रडारड करू नये असं मला मनापासून वाटतं.

किमान अट राज्यातल्यांना ३.०, बाहेरच्यांना ३.४. पण किमान म्हणजे अर्ज करण्यापुरती पात्रता. बर्कली आणि लॉस एंजेलिसला प्रवेश मिळालेली मुलं त्याच्या खूप वर असतात. राज्याबाहेरच्या शाळांच्या नुसत्या 'ऑनर्स' कोर्सना जादा गुण नाही, फक्त एपी, आयबी आणि कॉलेज कोर्सना आहे. टेक्सस किंवा न्यू जर्सीतून अर्ज करणाऱ्यांचा जीपीए इथे खाली येतो तो यामुळे.

कोरडवाहू

म्हणजे यूसीसाठी नववीचे गुण मोजतच नाहीत? मग नववीत काही झालं तरी चालतं?

तळटीप

नाही. जीपीएमध्ये धरत नाहीत, पण फॉर्ममध्ये भरावे लागतात आणि वाचणाऱ्याला दिसतात. शिवाय ए-जीची अट पुरी व्हायला प्रत्येक विषयात किमान सी लागतो. डी किंवा एफ असेल तर तो विषय पूर्ण झालाच नाही.

डी आल्यावर दोन वाटा. एक, तोच कोर्स उन्हाळ्यात पुन्हा करायचा. सी किंवा वर मिळाला की नवी ग्रेड जीपीएत धरतात. दुसरी वाट फक्त गणित आणि परभाषेसारख्या पायरीपायरीच्या विषयांत: वरच्या पायरीला सी मिळवला की खालच्या पायरीची विषयअट पुरी मानतात. स्पॅनिश १ मध्ये डी आणि स्पॅनिश २ मध्ये बी, तर स्पॅनिश १ ची अट भागते. सी मिळाला असेल तर मात्र तोच कोर्स पुन्हा करून बी करता येत नाही. यूसी ती दुसरी ग्रेड धरत नाही. उन्हाळी वर्गाचे पैसे भरण्याआधी हे वाचा.

सह्यकडा

मग सरळ सोपे कोर्स घेऊन सगळे ए आणणं शहाणपणाचं नाही का? एपी फिजिक्समध्ये बी मिळवण्यापेक्षा साध्या फिजिक्समध्ये ए.

अंकगणिती

@सह्यकडा, निवडक कॉलेजांसाठी हे सहसा उलटं पडतं. काउन्सेलर जो स्कूल रिपोर्ट भरतो त्यात एक प्रश्न असतो: शाळेत उपलब्ध असलेल्यांच्या तुलनेत या विद्यार्थ्याने निवडलेले विषय किती कठीण? सगळ्यात वरचा पर्याय 'सर्वांत कठीण'. सोपे विषय घेतले की त्या चौकटीतली खूण खाली सरकते, आणि ती खूण जीपीएच्या शेजारीच वाचली जाते. एपीतला बी बहुधा साध्या ए पेक्षा चांगला.

पण एपीतला सी? तिथे माझं उत्तर बदलतं. इंजिनिअरिंगच्या मुलाला 'एपी फिजिक्स सी' या कोर्समध्ये पहिल्या सत्रात सी ग्रेड आणि घरी रात्री दोनपर्यंत दिवा जळतोय, तर साध्या किंवा ऑनर्स वर्गात सरकणं बरं. मात्र शाळेची ड्रॉप करायची तारीख आधी बघा. ती उलटल्यावर सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) छापला जातो. एखादा डब्ल्यू काही घात करत नाही, पण त्यासाठी एक ओळ खर्चून कारण द्यावं लागतं.

आणि एक: वर्गात बी मिळाला, पण मे महिन्यातल्या एपी परीक्षेत ५ पैकी ५ आले, तर तो स्कोअर जरूर भरा. वर्गातले गुण कडक होते, विषय पक्का आहे, हे त्यातून आपोआप कळतं. यूसीसुद्धा एपीचे स्कोअर बघतं.

पाटी_पेन्सिल

एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा; एसीटी तिच्यासारखीच दुसरी) कमी जीपीएला किती सांभाळून घेते यावर थोडं. करोनात जवळजवळ सगळ्यांनी परीक्षा ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक आणि टेक्सस विद्यापीठ, ऑस्टिन यांनी तेच केलं. येलने त्याच वर्षी एसएटी, एसीटी, एपी, आयबी यांपैकी एक द्यायची मुभा ठेवून परीक्षा परत आणली. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलला २०२६ च्या प्रवेशापासून सक्ती आहे. कोलंबियाने ऐच्छिकच ठेवली आहे. यूसी तर एसएटी बघतच नाही. १५८० असो की १२८०, फॉर्ममध्ये त्याला जागा नाही.

म्हणून जीपीए कमी आणि एसएटी जास्त असलेल्या मुलाची यादी यूसीने भरली असेल तर त्या मुलाचं सगळ्यात मजबूत पान कुणी वाचणारच नाही. अशा मुलाने परीक्षा मोजणाऱ्या कॉलेजांकडे वळावं. अलाबामा विद्यापीठासारख्या ठिकाणी तर मेरिट शिष्यवृत्ती जीपीए आणि एसएटी किंवा एसीटीच्या तक्त्यावर ठरते, निबंधाची भीक मागावी लागत नाही.

धोकाही सांगते. ३.४ जीपीए आणि १५६० एसएटी ही जोडी काही वाचणाऱ्यांना "हुशार आहे पण रोजचं काम करत नाही" अशी दिसते. याला उत्तर एकच, बारावीचं पहिलं सत्र. तिथे सगळे ए हवेत.

सह्यकडा

टेक्ससची गोष्ट वेगळी आहे, ती मांडतो. १९९७ च्या कायद्याने तिथल्या सार्वजनिक विद्यापीठांत शाळेतल्या वरच्या १० टक्के मुलांना आपोआप प्रवेश आहे. फक्त ऑस्टिनला सवलत असल्यामुळे तिथली मर्यादा अनेक वर्षं ६ टक्के होती आणि २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्के झाली.

इथे जीपीएपेक्षा रँक महत्त्वाची. डॅलस किंवा ऑस्टिनच्या ज्या उपनगरांत आपली मंडळी चांगल्या शाळांसाठी घर घेतात, तिथे दोन-तीन बी असलेलं मूल वरच्या ५ टक्क्यांतून सहज बाहेर पडतं. तेच गुण दुसऱ्या शाळेत वरच्या ३ टक्क्यांत बसले असते. रँक शाळेच्या वेटेड पद्धतीने काढतात, म्हणून बिनवेटेड बँड किंवा आर्टचा तास रँकला खाली ओढू शकतो. काही जिल्हे असे विषय हिशेबाबाहेर ठेवतात. जिल्ह्याचं नियमपुस्तक नववीतच वाचा.

आणि ५ टक्क्यांत आलं तरी विद्यापीठ नक्की, मेजर नाही. कम्प्युटर सायन्स आणि बिझनेससाठी पुन्हा वेगळी निवड होते.

गोदाकाठ

पुण्या-नाशकातून थेट अमेरिकेला अर्ज करणाऱ्यांसाठी कुणी लिहील का? महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांचं अकरावीचं निकालपत्र फार वाईट असतं.

तळटीप

@गोदाकाठ, मुळावर बोट ठेवलंत. आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष किंवा क्लासचं वर्ष. दहावीला ९४ टक्के, मग जेईईच्या क्लासशी जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजात प्रवेश, कॉलेजच्या परीक्षेला जेमतेम हजेरी, आणि अकरावीला ६१ टक्के. महाराष्ट्रात त्या ६१ ला कुणी विचारत नाही. अमेरिकेत तेच सगळ्यात जड वर्ष. घसरण सरळ दिसते. त्यामुळे अमेरिकेचा विचार दहावीच्या सुट्टीतच झाला असेल तर अकरावीची प्रत्येक चाचणी गांभीर्याने द्यावी लागेल. उशीर झाला असेल तर ज्युनिअर कॉलेजच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या की ही अंतर्गत परीक्षा होती, वर्गात सर्वाधिक किती आणि सरासरी किती. ६१ हा वर्गातला वरचा गुण असू शकतो, आणि हे लिहिल्याशिवाय तिकडे कळणार नाही.

कागदांचं: नववी ते बारावी चार वर्षं लागतात. नववी-दहावी शाळेतून, अकरावी-बारावी कॉलेजातून, म्हणजे दोन संस्थांचे शिक्के. दहावीचे 'बेस्ट ऑफ फाइव्ह' टक्के लिहून थांबू नका, सगळ्या विषयांचे गुण द्या. टक्क्यांचं ४.० मध्ये रूपांतर करून देणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. टक्के आहेत तसेच १०० च्या स्केलवर भरा. भारतीय बोर्डांत ८५ म्हणजे काय ते या कॉलेजांना ठाऊक असतं. बारावीचा निकाल त्यांच्या निर्णयानंतर लागतो, म्हणून अपेक्षित गुणांचं पत्र लागतं. ते कोण सही करून देणार, हे जुलैमध्येच उपप्राचार्यांना भेटून ठरवा. काउन्सेलर नसेल तर काउन्सेलरचं पत्रही त्यांनाच लिहावं लागेल.

जास्वंद

कमी गुणांचं कारण अर्जात सांगावं की नाही? सांगायचं तर कुठे?

पाटी_पेन्सिल

कारण खरं, बाहेरचं आणि संपलेलं असेल तर सांगावं. आजारपण, घरातलं मोठं दुखणं, शाळा बदलणं, भारतातून दहावीत आल्यामुळे झालेली कोर्सची फरफट, सत्राच्या मध्यात शिक्षक सोडून जाणं. "शिक्षक कडक होते" हे कारण नाही, कारण तोच वर्ग इतर मुलांनीही केलेला असतो.

कॉमन अ‍ॅपमध्ये २०२५ पासून दोन जागा आहेत. अडचणी आणि परिस्थितीसाठी २५० शब्द, आणि अतिरिक्त माहितीची जागा आता ६५० ऐवजी ३०० शब्दांची. मुख्य निबंध मात्र यावर खर्च करू नका. मूल कोण आहे हे सांगायची ती एकच मोठी जागा आहे.

लिहिताना तीन-चार वाक्यं बास. असं काही:

"अकरावीच्या दुसऱ्या सत्रात वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे धाकट्या भावाची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या काळात केमिस्ट्रीची दोन लॅब आणि एक परीक्षा चुकली, म्हणून सी. मे मधल्या एपी परीक्षेत ४ गुण मिळाले. बारावीत एपी बायॉलॉजी घेतली आहे."

काय झालं, कधी, कोणत्या ग्रेडवर परिणाम, पुढे काय. माफी नाही, विशेषणं नाहीत. हेच काउन्सेलरच्या पत्रातही आलं तर त्याला दुप्पट वजन येतं, म्हणून काउन्सेलरला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भेटा. मोठ्या सरकारी शाळेत एका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात. ऑक्टोबरमध्ये गेलात तर पत्र ठरावीक साच्याचं मिळेल.

कोरडवाहू

अर्ली डिसिजनने शक्यता वाढते म्हणतात. मग गुण कमी असलेल्याने तोच मार्ग घ्यावा?

अंकगणिती

आलेख बघून ठरवा. अर्लीची तारीख बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर. तोवर बारावीची फार तर पहिल्या तिमाहीची ग्रेड दिसते. ज्याची अकरावी वाईट आणि बारावी चांगली चालली आहे, त्याने आपली सगळ्यात चांगली बाजू झाकून अर्ज केल्यासारखं होतं. रेग्युलरमध्ये, म्हणजे नंतरच्या नेहमीच्या फेरीत, मिडइयर रिपोर्ट जातो, पहिल्या सत्राचे ए त्यात दिसतात. ज्याची अकरावी ठीक आणि कमी गुण फक्त नववीतले, त्याला अर्ली योग्य. मात्र अर्ली डिसिजन बांधून घेतं, प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं. आधी त्या कॉलेजचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (आर्थिक मदत वजा जाता खर्चाचा अंदाज देणारा) भरा, मग सही करा.

यादी बनवताना कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजने जाहीर केलेलं आकड्यांचं पत्रक) असं शोधा. त्यातल्या सी७ विभागात कॉलेज कशाला 'अत्यंत महत्त्वाचं' म्हणतं ते कळतं, सी११ मध्ये दाखल झालेल्या मुलांचे जीपीए कोणत्या पट्ट्यात किती टक्के ते. आपलं मूल ज्या पट्ट्यात आहे तिथे फक्त २-३ टक्के असतील तर ते कॉलेज यादीत एक किंवा दोनच असावं. आणि हे आकडे संपूर्ण कॉलेजचे असतात. इंजिनिअरिंगचा, त्यातही कम्प्युटर सायन्सचा उंबरठा बराच वर असतो.

तळटीप

दारं उघडी ठेवायची तर कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचा) रस्ता मनापासून सांगते, आपल्या समाजात त्याला नाकं मुरडतात म्हणून मुद्दाम. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ६० सेमिस्टर युनिट करून यूसीत तिसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तिथे हायस्कूलच्या ग्रेड मोजत नाहीत. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ इथे अटी पुऱ्या केल्यावर हमी मिळते. तिचा अर्ज सप्टेंबरात असतो आणि काही मेजर वगळलेले असतात. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोची हमी नाही, पण ट्रान्सफरने मुलं तिथेही जातात. पदवी मात्र सगळ्यांची सारखी.

उलट एक इशारा. जीपीए वाढवायला म्हणून हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे कोर्स घेतात. त्या ग्रेड कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर राहतात. पुढे मेडिकल स्कूलला अर्ज करताना कॉलेजचा प्रत्येक कोर्स, हायस्कूलमध्ये केलेलासुद्धा, नोंदवावा लागतो आणि त्यांच्या जीपीएत धरला जातो. सोळाव्या वर्षी उन्हाळ्यात घाईने केलेल्या केमिस्ट्रीतला सी बाविसाव्या वर्षी समोर येतो.

गोदाकाठ

शेवटचा प्रश्न. प्रवेश मिळाल्यावर बारावीच्या शेवटी गुण घसरले तर?

तळटीप

प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि होतो. प्रवेशपत्रासोबत अटी येतात, त्या छापून फ्रिजवर लावा. यूसीत बारावीच्या कोणत्याही ए-जी विषयात डी किंवा एफ चालत नाही, ठरवलेला जीपीए राखावा लागतो, आणि अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत जायला हवा. अर्जात लिहिलेला कोर्स न सांगता सोडणं हेही अटभंगच.

डी येणार असं एप्रिल-मेमध्ये दिसू लागलं तर निकालाची वाट बघू नका. त्याच आठवड्यात प्रवेश कार्यालयाला मुलाने स्वतः कळवायचं: कोणता विषय, का, आणि उन्हाळ्यात तो कुठे पुन्हा करणार. कोर्सला नाव घातल्याची पावती जोडा. आधी कळवलेल्याला कार्यालय उन्हाळी कोर्सची सवलत देऊ शकतं; जुलैत ट्रान्सक्रिप्टवरून त्यांनाच कळलं तर पत्र ऑगस्टमध्ये येतं, आणि तोवर बाकीच्या कॉलेजांच्या जागा सोडून दिलेल्या असतात.